रुबेला : पुरळ एका घरात, धोका दुसऱ्याच घरात

रुबेला झालेलं मूल सांभाळणं हे कुठल्याही आजीला जमेल असं काम आहे. थोडी कणकण, चेहऱ्यावरून खाली उतरणारं गुलाबी पुरळ, कानामागे गाठी, आणि तीन दिवसांत मूल पुन्हा खेळायला मोकळं. म्हणूनच हा आजार कुणी मनावर घेत नाही. पण हाच विषाणू गरोदरपणाच्या पहिल्या बारा आठवड्यांत आईच्या शरीरात शिरला, तर दहापैकी आठ-नऊ गर्भांना इजा करू शकतो : डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात दोष, कानांना बहिरेपणा, कधी गर्भपात. आणि आपल्याकडे तीन महिने भरेपर्यंत गोड बातमी बाहेर सांगायची नाही असा रिवाज. ज्या काळात सावध करायला हवं, त्याच काळात सावध कुणाला करायचं हे शेजाऱ्यांना माहीत नसतं. माझ्या मते रुबेलाच्या बाबतीत खरी अडचण ही आहे. ताप आणि पुरळ त्यामानाने किरकोळ.

आधी ओळखायचं कसं ते. थंडी सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रुबेला जास्त दिसतो, पण वर्षभरात कधीही येऊ शकतो. ताप बहुधा १०० ते १०१ च्या आसपास राहतो. पुरळ आधी चेहऱ्यावर येतं, दिवसभरात छाती-पाठीवर उतरतं, आणि पायांवर पोचेपर्यंत चेहरा साफ व्हायला लागलेला असतो. गोऱ्या कातडीवर ते सहज दिसतं. सावळ्या मुलाच्या अंगावर ट्यूबलाइटखाली ते हमखास चुकतं. अशा वेळी मुलाला खिडकीशी तिरप्या उजेडात उभं करा, पोट आणि कानामागची जागा बघा, आणि मग बोटांनी गाठी चाचपा : कानाच्या मागे हाडावर, कवटीच्या तळाशी आणि मानेच्या मागच्या बाजूला. वाटाण्याएवढ्या, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी तिथे लागल्या तर रुबेलाचा संशय पक्का होतो. बऱ्याचदा या गाठी पुरळाच्या आधी येतात आणि नंतरही आठवडाभर किंवा जास्त टिकतात.

घरात सगळ्याला मिळून 'गोवर आलाय' म्हणतात. खरा गोवर मात्र वेगळा. त्यात ताप १०३-१०४ पर्यंत चढतो, डोळे लाल होतात, नाक गळतं, खोकला ठसकतो, मूल मलूल पडतं, आणि पुरळ गेल्यावर अंगावर तपकिरी डाग राहतात. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात. आणि नाशिकमध्ये पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत ताप-पुरळ म्हटलं की डेंग्यू आणि चिकुनगुनिया आधी मनात यायलाच हवेत. पुरळ बघून रुबेला छातीठोकपणे सांगता येत नाही, अनुभवी बालरोगतज्ज्ञालाही नाही. रक्ततपासणीच लागते. वर रुबेला झालेल्यांपैकी पाव ते निम्म्या लोकांना पुरळच येत नाही, म्हणजे आपल्याला दिसणारे रुग्ण हे खऱ्या आकड्याचा एक भागच.

ताप-पुरळाचा रुग्ण सरकारी यंत्रणेला कळवायचा असतो आणि नमुना मोफत तपासला जातो. शहरात महापालिकेचं जवळचं आरोग्य केंद्र, गावात आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. खासगी डॉक्टरकडे गेलात तर 'हे कळवणार ना?' एवढं विचारा. आयजीएम (नव्या लागणीत शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) चाचणीसाठी रक्त पुरळाच्या चौथ्या दिवसानंतर घेतलेलं चांगलं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी घेतलेलं रक्त खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग 'रुबेला नाहीये, बिनधास्त राहा' असा चुकीचा निरोप फिरतो. लवकर घेतलेला नमुना निगेटिव्ह आला तर काही दिवसांनी पुन्हा द्यावा.

विषाणूवर औषध नाही. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, वजनाला किलोमागे १५ मिलिग्रॅम, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. इथे घोळ होतो तो बाटलीवरच्या आकड्यांचा. बाजारात ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचं सिरप मिळतं, २५० चंही मिळतं, आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. बारा किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम हवेत : १२० च्या सिरपचे साडेसात मिली, २५० च्या सिरपचे सुमारे साडेतीन मिली, थेंबांचे जेमतेम पावणेदोन मिली. १२० च्या सिरपचं माप थेंबांच्या बाटलीला लावलं तर डोस चौपट होतो. चमच्याने मोजू नका, बाटलीसोबतचं टोपण किंवा सिरिंज वापरा. अ‍ॅस्पिरिन मुलांना अजिबात नको. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेनही नको.

अंघोळ बंद करू नका, कोमट पाण्याने घाला. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवायचा असेल तर ठेवा, त्याने काही बिघडत नाही. पण त्याच्या भरवशावर डॉक्टरकडे जाणं टाळू नका. पथ्यही काही नाही. वरण-भात, पेज, ताक, मूल मागेल ते द्या. दाबल्यावर फिकट न होणारे जांभळे ठिपके, नाकातून रक्त, जोराची डोकेदुखी, सतत उलट्या, झटके किंवा मूल जागं करूनही जागं न होणं यांपैकी काही दिसलं तर मात्र रात्र असो की पहाट, थेट रुग्णालय गाठा. रक्तातल्या प्लेटलेट घसरणं आणि मेंदूला सूज येणं या दोन्ही गोष्टी रुबेलात होतात, अगदी क्वचित. मोठ्या बायकांना झाला तर पुरळापेक्षा बोटांची, मनगटांची, गुडघ्यांची दुखणी जास्त छळतात, आणि आठवडे रेंगाळतात. संधिवात समजून त्याच्या तपासण्यांवर पैसे घालवण्याआधी 'मध्यंतरी ताप-पुरळ आलं होतं का' हे आठवून बघावं.

आता मूळ अडचणीकडे. रुबेलाचा रुग्ण पुरळ येण्याच्या सात दिवस आधीपासून ते सात दिवसांनंतरपर्यंत दुसऱ्याला आजार देऊ शकतो. म्हणजे बुधवारी पुरळ दिसलं तर आदल्या बुधवारपासूनची उजळणी करायची. शाळेची व्हॅन, शिकवणीच्या बाई, कॉलेज रोडवर खाल्लेलं आइस्क्रीम यातलं सगळं सारखं महत्त्वाचं नसतं. बंद खोलीत, जवळ बसून, बराच वेळ झालेल्या भेटी आधी लिहा. त्या आठवड्यात एखादं डोहाळजेवण किंवा बारसं झालं असेल तर ते यादीत पहिलं. गंमत अशी की डोहाळजेवणातल्या उत्सवमूर्तीला धोका तुलनेने कमी असतो. तिला सातवा महिना लागलेला असतो, आणि विसाव्या आठवड्यानंतर जन्मदोष क्वचितच होतात. तिलाही कळवायचं आहेच. खरी काळजी तिच्या शेजारी बसून ओटी भरणाऱ्या नणंदेची, जिला पाळी चुकून दहाच दिवस झालेत आणि जिने अजून सासूलाही सांगितलेलं नाही.

तिला गाठायचं कसं? थेट 'कुणी गरोदर आहे का' असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही, आणि विचारूही नये. सोसायटीच्या आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा निरोप टाका : 'आमच्या घरी ताप-पुरळाचा आजार आहे, रुबेलाचा संशय आहे. अमुक तारखेपासून आमच्याकडे आलेल्या किंवा मुलासोबत खेळलेल्या घरांत कुणी गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर मला काही सांगू नका, आपल्या डॉक्टरांना दोन दिवसांत भेटा.' 'मला काही सांगू नका' हे शब्द गाळू नका; त्यामुळेच ती बाई दवाखान्यात जाते. अहवाल येईपर्यंत थांबू नका, संशयावरच निरोप द्या. नंतर निगेटिव्ह आलं तर तेही कळवा.

पुरळ आल्यापासून सात दिवस मूल शाळेत, अंगणवाडीत, मंदिरात, लग्नात न्यायचं नाही. दोन खोल्यांच्या घरात मुलाला वेगळं ठेवायला जागा कुठे असते! ते जमलं नाही तरी चालेल, कारण घरातल्यांचा संपर्क पुरळाच्या आधीच झालेला असतो. एक चूक मात्र सर्रास होते : आजारी मुलाच्या धाकट्या भावाला 'लागण नको' म्हणून मामाकडे पाठवतात. रुबेला अंगात मुरायला साधारण दोन आठवडे लागतात, कधी तीनही. त्या भावाला लागण झालेली असेल तर तो मामाच्या घरी जाऊन, पुरळ यायच्या आठवडाभर आधीच विषाणू वाटायला लागेल, आणि तिथे मामी असते. भावंडांना आपल्याच घरी ठेवा, तीन आठवडे लक्ष ठेवा. संपर्क झाल्यावर घाईने दिलेली लस ही लागण थांबवत नाही. तरी डोस राहिला असेल तर पुढच्यासाठी जरूर द्यावा.

गरोदर बाईचा संपर्क आलाय असं कळलं तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुबेला आयजीजी (जुन्या लागणीनंतर किंवा लशीनंतर टिकून राहणारी प्रतिपिंडं) आणि आयजीएमसाठी रक्त द्यावं. एवढंच नाही, लॅबला स्पष्ट सांगावं की उरलेलं सीरम (रक्ताचा पातळ, पिवळसर भाग) गोठवून जपून ठेवा. एरवी ते काही दिवसांत टाकून देतात. संपर्कानंतर लगेच घेतलेल्या रक्तात आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह असेल, तर तिच्याकडे आधीपासून प्रतिकारशक्ती आहे, चिंता मिटली. दोन्ही निगेटिव्ह असतील तर ती असुरक्षित आहे, लागण झाली की नाही ते अजून ठरायचंय. तीन-चार आठवड्यांनी दुसरा नमुना द्यायचा, आणि तो जपून ठेवलेल्या पहिल्या नमुन्यासोबत एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी तपासायचा. तेव्हाही निगेटिव्ह आलं तर संपर्कापासून सहा आठवड्यांनी शेवटचा नमुना. वेगवेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'वाढलं की कमी झालं' ठरवू नये, किट बदललं की आकडा बदलतो.

लागण पक्की झाली तर पुढचे निर्णय गर्भारपणाच्या आठवड्यांवर ठरतात. बारा आठवड्यांच्या आत धोका सर्वांत मोठा, सोळाव्यापर्यंत निम्म्याच्या आसपास, पुढे उतरत जातो. गर्भजलाची पीसीआर (विषाणूचा अंश शोधणारी) तपासणी होऊ शकते, पण ती लागण झाल्यानंतर काही आठवडे गेल्यावर आणि साधारण अठराव्या आठवड्यानंतरच भरवशाची. गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये बदलला आहे, त्यामुळे आठवडे मोजून, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि गर्भवैद्यक तज्ज्ञ दोघांशी बोलून ठरवावं. हा निर्णय तिचा आहे. सासर-माहेरची बैठक बसवून तो करू नये.

या सगळ्यात सर्वांत जास्त नुकसान चुकीच्या वाचलेल्या 'टॉर्च' रिपोर्टने (गर्भाला बाधू शकणाऱ्या रुबेलासारख्या काही आजारांची एकत्रित रक्ततपासणी) होतं. कुणाचा गर्भपात झाला की टॉर्चची तपासणी लिहिली जाते, रिपोर्टमध्ये रुबेला आयजीजीसमोर ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह' येतं, आणि घरात रडारड. रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह ही चांगली बातमी आहे. याचा अर्थ पूर्वी कधीतरी आजार किंवा लस होऊन गेली आणि शरीराने कवच तयार केलं. अनेक किटमध्ये १० आययू प्रति मिलीच्या वर आकडा असला की संरक्षण आहे असं धरतात. आकडा ८६ असो की २८०, जास्त आकडा म्हणजे जास्त आजार असं काही नसतं, आणि तो 'उतरवण्यासाठी' कुणी गोळ्या दिल्या तर त्या घेऊ नका, कारण तसं औषधच अस्तित्वात नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गर्भपातांचं खापर रुबेलावर फोडणंही चूक. एकदा होऊन गेला की सहसा तो आयुष्यात परत त्रास देत नाही.

आयजीएमचं प्रकरण जास्त अवघड आहे. पुरळ नाही, संपर्क नाही, आणि नेहमीच्या तपासणीत आयजीएम हलकं पॉझिटिव्ह आलं, तर ते खोटं असण्याची शक्यता बरीच असते. दुसऱ्या विषाणूंमुळे किंवा संधिवातातल्या ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरमुळेही तसं येतं, आणि लस घेतलेल्यांत ते महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. अशा वेळी आयजीजी अ‍ॅव्हिडिटी नावाची तपासणी (प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट धरतात ते बघणारी) करावी. ती 'हाय' आली तर लागण तीन महिन्यांहून जुनी. आणि ही तपासणी पहिल्या तिमाहीतच केली तर कामाची. सहाव्या महिन्यात जुनी लागण म्हणजे गरोदरपणाच्या आधीची की सुरुवातीची, ते त्यातून कळत नाही. एका आयजीएमवर गर्भपाताचा निर्णय कुणीही घेऊ नये, हे मी कितीही वेळा लिहायला तयार आहे.

यातलं काहीच करावं लागू नये यासाठी लस आहे. इथे जन्मसाल बघा. सरकारी लसीकरणात १९८५ पासून गोवराची लस होती, पण त्यात रुबेला नव्हता. गोवर-रुबेलाची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी, आणि त्यानंतर नियमित कार्यक्रमात एमआर (गोवर-रुबेलाची एकत्रित लस) आली. म्हणजे २००३ सरायच्या आधी जन्मलेल्या मुली त्या मोहिमेत बसल्या नाहीत. आज लग्नाला उभ्या असलेल्या, नुकत्याच लग्न झालेल्या बहुतेक मुली याच वयाच्या. 'माझं लहानपणीचं सगळं लसीकरण झालंय' हे त्यांचं म्हणणं खरं असतं, फक्त त्यात रुबेला असेलच असं नाही. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्रित लस) घेतली असेल तर ती पिवळी पडलेली फाइल शोधा. नोंद सापडली नाही तर आयजीजी तपासा, किंवा तपासणी न करता सरळ लस घ्या. आधीच प्रतिकारशक्ती असलेल्याला लस दिल्याने काही बिघडत नाही. पत्रिका जुळवण्यात जातात त्यातले पंधरा दिवस यासाठी काढा.

मोठ्यांना सरकारी केंद्रात एमआर मिळत नाही, एमएमआर विकत घ्यावी लागते. अर्धा मिली, दंडावर कातडीखाली. रुबेलापुरता एक डोसही पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक जणांत काम करतो. लस जिवंत पण अशक्त केलेल्या विषाणूची, म्हणून गरोदरपणात द्यायची नाही, आणि घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळायची. तरी नकळत गरोदर असताना घेतली गेली तर घाबरू नका, त्यासाठी गर्भपात करायचा सल्ला दिला जात नाही. एक-दोन आठवड्यांनी हलका ताप, थोडं पुरळ, सांधे दुखणं हे मोठ्या मुलींत दिसतं आणि आपोआप जातं. कॅन्सरचे उपचार, जास्त मात्रेतली स्टिरॉइडं चालू असतील किंवा लशीतल्या निओमायसिन-जिलेटिनची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. साधी सर्दी ही लस टाळायचं कारण नाही.

नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारात स्वस्त पडते म्हणून लस घेऊन ती पर्समध्ये टाकून सिडकोपर्यंत आणायची, हे करू नका. २ ते ८ अंशांत राहिली तरच ती कामाची, आणि एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तिची वाट लागते. जिथे टोचून घ्यायची तिथल्याच फ्रिजमधून घ्या. दुकानातूनच आणायची झाली तर आइसपॅकच्या डब्यात, थेट दवाखान्यात. पावडर द्रावणात मिसळल्यावर लस ऊन आणि उजेडाने झपाट्याने खराब होते, म्हणून कुपी आपल्यासमोर मिसळली जाऊ द्या.

बाळांना एमआरचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, उजव्या दंडावर. सरकारी कुपीत अनेक डोस असतात आणि मिसळल्यावर चार तासांत वापरायची किंवा टाकायची असते. तिच्यात जंतू रोखणारं काही नसतं, शिळ्या कुपीतून जिवावर बेतलं आहे. म्हणून कधीकधी 'मुलं जमू द्या, मग कुपी फोडू' असं होतं. एका बाळासाठीही कुपी उघडायची असते, हे नम्रपणे सांगा. दुसरा डोस राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत केंद्रात मिळतो.

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून निफाड-दिंडोरीकडे येणाऱ्या कुटुंबांचा दुसरा डोस हमखास निसटतो, कारण कार्ड गावच्या घरी राहतं. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. फोटोही नसेल तर 'आठवत नाही' म्हणून लस नाकारू नये. एक डोस जास्त झाला तरी चालतो. बागायतदारांनी छाटणीच्या टोळीसोबत आलेल्या मुलांची नावं जवळच्या उपकेंद्राला दिली तर आशाताई बागेत येऊन लस देण्याची सोय करू शकतात.

गरोदरपणात आयजीजी निगेटिव्ह आलेल्या बाईला बाळंतपणानंतर घरी सोडण्याआधीच एमएमआर द्यायला सांगा. अंगावर पाजताना ती चालते. आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या आईला अँटी-डी इंजेक्शन दिलं असेल तरीही लस थांबवायची नसते. फक्त तीन महिन्यांनी आयजीजी तपासून लस लागू पडली का ते बघायचं. मुश्कील अशी की बाळंतपणाच्या गडबडीत ही ओळ डिस्चार्ज कार्डावर लिहिलीच जात नाही, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच प्रश्न उभे राहतात.

आणि जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एक डोळा लाल आणि एक पांढरा आला, टाळीला बाळ दचकत नसलं, दूध ओढताना धाप लागत असली, तर गरोदरपणात पुरळ आलं होतं का हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता त्यांना सांगा. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांना हा संबंध लक्षात आला तो आयांच्या बोलण्यावरूनच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत झाली तर नजर वाचण्याची आशा जास्त. ऐकण्याची तपासणी जन्मानंतर नीट आली तरी पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण बहिरेपणा उशिरानेही येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकामार्फत जिल्हा रुग्णालयाकडे नोंद केली तर हृदय, डोळे, कान यांच्या उपचारांना मदत मिळते. अशा बाळाच्या घशात आणि लघवीत विषाणू वर्षभर राहू शकतो. तीन महिन्यांनंतर, महिनाभराच्या अंतराने दिलेले दोन नमुने निगेटिव्ह येईपर्यंत त्याची दुपटी बदलायला गरोदर मावशी-आत्याला लावू नका, आणि दवाखान्यात जाताना आधी फोन करून कळवा, म्हणजे प्रसूती विभागाच्या रांगेत बसावं लागणार नाही.